विसाव्यांदा तपासलेला गॅस

सकाळी नवी मुंबईतल्या मानसरोवर स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत अधूनमधून कोणीतरी चालता चालता थबकतं. गॅस बंद केला होता ना? कडी घातली ना? गीझरचं बटण? बहुतेक जण क्षणभर आठवून पाहतात, ‘केला असणार’ म्हणतात आणि लोकल पकडतात. काही जण घरी फोन लावतात. थोडे मात्र खरोखरच कामोठ्यातल्या आपल्या बिल्डिंगकडे परत फिरतात, कुलूप काढतात, शेगडीचं बटण बघतात, हाताने चाचपतात, पुन्हा खाली उतरतात. सोसायटीच्या गेटपर्यंत येईतो तोच प्रश्न पुन्हा समोर उभा!

हा परत फिरणारा माणूस विसराळू आहे असं कोणालाही वाटेल. घरचे तर त्याला तसं रोज ऐकवतात. पण त्याची परीक्षा घ्या, त्याची स्मरणशक्ती तुमच्याआमच्याइतकीच चांगली निघण्याची शक्यता मोठी. मग त्याला आठवत का नाही? उत्तर असं आहे की ऐकल्यावर दोनदा विचार करावा लागतो. त्याला आठवत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा तपासतो, हे अर्धंच खरं. तो पुन्हा पुन्हा तपासतो म्हणून त्याला आठवेनासं होतं!

हे सिद्ध केलं नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी, २००३ साली. त्यांनी निवडलेलं साहित्य बघा: गॅसची शेगडी. विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर सहा बर्नरची शेगडी दाखवली. काही बर्नर चालू करायचे, बंद करायचे, नीट बंद झालेत का ते तपासायचं. एका गटाने हे २० वेळा केलं. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वेळा दिवे तपासले. मग दोन्ही गटांनी शेवटची एकच फेरी शेगडीची केली आणि त्यांना विचारलं, आत्ता कोणते बर्नर हाताळलेत?

दोन्ही गटांची उत्तरं जवळजवळ सारखीच बरोबर आली. पुढचा प्रश्न होता, ‘ही आठवण तुम्हाला किती स्पष्ट दिसते? तिच्यावर किती भरवसा आहे?’ इथे चित्र पालटलं. दिवे तपासणाऱ्यांना सगळं लख्ख आठवत होतं. शेगडी वीसदा तपासणाऱ्यांना मात्र आठवण धूसर वाटत होती, तपशील निसटत होते, स्वतःच्याच बरोबर उत्तरावर त्यांचा विश्वास नव्हता. ही सगळी ठणठणीत मुलं होती, कसलाही आजार नसलेली. एका बैठकीत त्यांच्या मनात संशय तयार करता आला! तीन वर्षांनी कॅनडात खऱ्याखुऱ्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर असाच प्रयोग झाला, निष्कर्ष तोच निघाला. आणखी एका अभ्यासात दिसलं की त्यासाठी वीस फेऱ्यांचीही गरज नसते, दुसऱ्या ते दहाव्या तपासणीच्या दरम्यानच भरवसा ढासळू लागतो.

असं का व्हावं? मेंदू सारखी सारखी गोष्ट तपशिलाने टिपत बसत नाही. पहिल्यांदा बटण फिरवताना त्याचा रंग, थंडपणा, ‘टक्’ असा आवाज हे सगळं आठवणीत जातं. पंधराव्यांदा फिरवताना मेंदू म्हणतो, हे माहीत आहे, पुढे चला. हात काम करतो, पण आठवणीत उरतो तो फक्त ‘गॅस तपासला’ हा कोरडा शेरा. आणि आठवणीवर आपण विश्वास ठेवतो तो कशाच्या जोरावर? तिच्या लख्खपणाच्या. लख्खपणा गेला की खरी आठवणसुद्धा खोटी वाटू लागते. डोळ्यांचंही असंच आहे. शेगडीकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिलं की ‘मला समोर दिसतंय ते खरंच तसं आहे ना’ अशी शंका येऊ लागते, हेसुद्धा व्हान डेन हाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. माणूस खात्री शोधायला जितका खोल जातो, तितकी ती त्याच्या हातून निसटते.

हीच ओसीडी नावाच्या आजाराची कळ. आपल्याकडे जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणत. एक नको असलेला विचार किंवा शंका पुन्हा पुन्हा घुसते, तिच्यामुळे जीव कासावीस होतो, मग तो शांत करायला माणूस एखादी कृती करतो: धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात जप करतो, विचारतो. क्षणभर बरं वाटतं. नंतर शंका दुप्पट जोराने परत येते. कपाट नीटनेटकं लावणाऱ्याला ‘तुला ओसीडी आहे’ म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे, ती सोडून द्यावी. या फेऱ्यात रोजचा तासाहून अधिक वेळ जायला लागला, किंवा नोकरी, अभ्यास, संसार अडायला लागला, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. ज्याचा तो तास जातो त्याला कपाटाची हौस नसते.

पण मुळात तो नको असलेला विचार येतो तरी कुठून? इथे दुसरं आश्चर्य आहे आणि मला ते पहिल्याहून मोठं वाटतं.

प्लॅटफॉर्मवर गाडी येताना ‘समोरच्याला ढकललं तर?’ असं कधी डोक्यात चमकून गेलंय? देवळात हात जोडलेले असताना मनात एखादी शिवी? भाजी चिरताना शेजारी बसलेल्या आपल्याच माणसाकडे बघून भलतंच काही? १९७८ साली लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी निरोगी माणसांना असे प्रश्न विचारले. सुमारे ८० टक्के लोकांनी सांगितलं, येतात. मग संशोधकांनी निरोगी माणसांचे विचार आणि ओसीडीच्या रुग्णांचे विचार एकत्र मिसळून तज्ज्ञांपुढे ठेवले. कोणता कोणाचा, हे सांगणं तज्ज्ञांनाही जड गेलं! २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आल्याचं सांगणारे निघाले सुमारे ९४ टक्के.

म्हणजे विचार सगळ्यांनाच येतो. फरक पडतो तो पुढच्या क्षणाला. एक माणूस म्हणतो, ‘काय भलतंच डोक्यात येतं!’ आणि गाडीत चढतो. दुसरा म्हणतो, ‘असा विचार माझ्या मनात आलाच कसा? मी आतून वाईट तर नाही?’ त्याने त्या विचाराला अर्थ दिला, आणि आता तो विचार पुन्हा येऊ नये म्हणून तो पहारा देणार. पहारा देऊन काय होतं ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. औषध पिताना माकडाची आठवण काढू नकोस, असं वैद्याने सांगितलं आणि रोग्याला औषधाच्या प्रत्येक घोटाला माकडच दिसलं, ही गोष्ट त्यांच्याकडूनच आपण ऐकली. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेऊन हाच प्रयोग प्रयोगशाळेत केला. अस्वल जाईना.

इथे एका घराकडे मला मुद्दाम वळायचं आहे, जिथे हा आजार सर्वात जास्त लपवला जातो. बाळंतिणीचं घर. मूल दीड महिन्याचं आहे, आई त्याला आंघोळ घालायला घाबरते, सुरी दिसली की ड्रॉवरमध्ये टाकते, बाळाजवळ एकटी थांबायला नको म्हणते. कारण तिच्या मनात एक चित्र येतं: आपल्याच हातून बाळाला काही होतंय. ती हे नवऱ्याला सांगत नाही, आईला तर नाहीच नाही. आपण राक्षसीण आहोत असं तिला वाटतं. कॅनडात काही नव्या आयांना याबद्दल विचारलं गेलं. बाळाला चुकून इजा होईल असे विचार त्यांच्यातल्या प्रत्येकीला आले होते. आणि आपणच मुद्दाम इजा करू असे नको असलेले विचार? जवळजवळ निम्म्या जणींना! त्या विचाराने जी आई हादरते, सुरी लपवते, ती त्या विचाराच्या पूर्ण विरुद्ध बाजूला उभी असते. ओसीडी माणसाला जे सर्वात प्रिय असतं नेमकं त्यावरच बोट ठेवतो. म्हणून देवभक्ताला देवाची निंदा सुचते आणि आईला बाळाची इजा. विचारांनी भीती वाटण्याऐवजी ते बरोबरच वाटू लागले, कानात आवाज ऐकू येऊ लागले, झोप पूर्ण उडाली, तर मात्र ती गोष्ट वेगळी असते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. बाकीच्या आयांना आधी एवढं कळलं तरी केवढा भार हलका होईल की त्या एकट्या नाहीत.

आता मेंदूत डोकावू. कपाळामागे, डोळ्यांच्या अगदी वर, मेंदूचा एक भाग ‘काहीतरी चुकतंय’ अशी सूचना देतो. ती आतल्या कॉडेट आणि थॅलॅमस या ठाण्यांमधून जाते. काम झालं की सूचना थांबायला हवी. ओसीडीत ही साखळी थांबत नाही. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं होतं. बाहेर कोणी नाही, दार उघडून पाहिलं तरी बेल वाजतेच आहे. तुम्ही कितीदा दार उघडाल?

बेल दुरुस्त करता येते का? १९९२ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लुइस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ रुग्णांच्या मेंदूंची छायाचित्रं उपचाराआधी आणि नंतर काढली. नऊ जणांना फ्लुऑक्सेटिन हे औषध दिलं होतं. उरलेल्या नऊ जणांना एकही गोळी दिली नाही, त्यांच्यावर फक्त वर्तनोपचार केले. ज्यांना गुण आला त्यांच्या कॉडेटमधली जास्तीची धावपळ दोन्ही गटांत उतरली होती. तुम्ही हात धुवायचा नाही असं ठरवता, त्या बेचैनीत बसून राहता, पुन्हा तसंच करता, आणि काही आठवड्यांनी मेंदूच्या छायाचित्रात बदल दिसतो! गोळीने जिथे पोचायचं, त्याच ठिकाणी वागणूकही पोचते. मला हे वाचून आजही थक्क व्हायला होतं.

हा वर्तनोपचार जन्मला कसा? त्याची एक मुळी न्यूयॉर्कच्या बागेत सापडते. अल्बर्ट एलिस नावाचा लाजाळू मुलगा. मुलींशी बोलायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येई. १९व्या वर्षी त्याने स्वतःलाच कामाला लावलं. ब्राँक्समधल्या बागेत बाकावर एकटी बसलेली प्रत्येक मुलगी किंवा बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची. १३० जणींजवळ तो बसला, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही आणि त्याची भीती गेली. हाच एलिस पुढे मानसशास्त्रज्ञ झाला आणि १९५५ साली त्याने विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. माणूस प्रसंगामुळे जितका बेजार होतो त्याहून ‘हे असंच झालं पाहिजे, मला पूर्ण खात्री मिळालीच पाहिजे’ या स्वतःच्या हट्टामुळे जास्त होतो, हे त्याचं म्हणणं.

हे मराठीत आलं ते मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि त्याच्या संस्थेचे फेलो आणि सुपरवायझर होण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने त्याला मराठी घरांत नेलं. आणि कामोठ्याहून फार दूर नसलेल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली, तिच्या कामात या विचाराला मोठं स्थान आहे. बागेतल्या एका बाकावरची भीती केवढा प्रवास करून आपल्या दारात आली!

ओसीडीवर नेमका घाव घातला तो १९६६ साली, लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी. त्याआधी हा आजार बरा न होणारा मानला जाई. रुग्णाला त्याची कृती करण्यापासून अडवलं तर तो कोलमडेल अशी भीती असे. मायर यांनी इस्पितळात दोन रुग्णांच्या बाबतीत तेच केलं. ज्याची भीती त्याच्या जवळ न्यायचं आणि मनाची शांती करणारी कृती करू द्यायची नाही. कोणी कोलमडलं नाही. बेचैनी चढली आणि कोणी काही न करता उतरली. आजही ओसीडीवरचा हा सर्वात भरवशाचा वर्तनोपचार आहे. तो पायरीपायरीने करतात: आधी थोडी भीती वाटणारी गोष्ट, मग त्याहून कठीण. शिकलेल्या मार्गदर्शकाबरोबर करतात, कोणाला जबरदस्तीने घाणीत हात घालायला लावून नव्हे.

यात आणखी एक गंमत कळली आहे. जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते: ‘मी तपासलं नाही, तरी काही झालं नाही.’ पुढे प्रत्येक वेळी या दोन आठवणींची चढाओढ लागते. म्हणूनच बऱ्या झालेल्या माणसाला परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात, घर बदलताना पुन्हा शंका छळू लागली तर उपचार फुकट गेले असं समजायचं कारण नाही. नव्या आठवणीला थोडा सराव हवा असतो.

औषधांबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण घरोघरी इथेच घोटाळा होतो. ओसीडीत गोळ्यांचा परिणाम दिसायला अनेकदा ८ ते १२ आठवडे लागतात आणि मात्राही नैराश्यापेक्षा जास्त लागू शकते. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारी घरं फार आहेत.

आणि आता घर. इथे तिसरं आश्चर्य आहे, आणि ते आपल्यासारख्या एकमेकांत गुंतलेल्या कुटुंबांसाठी सर्वात महत्त्वाचं आहे.

स्टेशनवरून आलेला तो फोन आठवा. ‘अहो, गॅस बंद केलाय ना?’ ‘हो गं, केलाय.’ ‘नक्की? बघून सांगा ना.’ नवरा उठतो, बघतो, सांगतो. किती साधी, प्रेमाची गोष्ट! पण त्या फोनवर काय झालं? तपासणी झाली, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी. नेदरलँड्सच्या त्या मुलांसारखाच तिचा भरवसा एका फेरीने कमी झाला आणि उद्याचा फोन नक्की झाला. वन बीएचके घरात एकच बाथरूम, मुलगा तासभर आत हात धुतोय, बाहेर बाबांना ऑफिसला उशीर होतोय. आई हळूहळू शिकते: त्याच्यासाठी वेगळा साबण, वेगळा टॉवेल, बाहेरून आल्यावर सगळ्यांनी दारातच कपडे बदलायचे, सोफ्याच्या त्या कोपऱ्यावर कोणी बसायचं नाही. पूर्वी सोवळ्याओवळ्याच्या घरात तर हे कोणाच्या लक्षातही येत नसे. सोवळं पूजा झाली की सुटतं, याचं सोवळं सुटत नाही, एवढाच फरक होता. वर्षभरात अख्खं घर आजाराच्या नियमांनी चालू लागतं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली हे मोजायला सुरुवात केली आणि दिसलं की बहुसंख्य घरांत असंच होतं. घरचे जितकं जास्त आजाराच्या कलाने घेतात, तितका आजार जास्त तीव्र असतो.

मग काय ओरडायचं? ‘नाटकं पुरे झाली’ म्हणायचं? तोही रस्ता तपासून झाला आहे. जिथे घरच्यांच्या बोलण्यात राग आणि तुच्छता असते तिथे रुग्ण उपचार मधेच सोडून देण्याचं प्रमाण वाढतं. तर मग आईवडिलांनी करायचं काय?

येलमध्येच एली लेबोविट्झ यांनी एक धाडसी गोष्ट केली. सात ते चौदा वर्षांची, चिंतेच्या आजाराने हैराण झालेली १२४ मुलं. अर्ध्या मुलांवर नेहमीचे मानसोपचार झाले, मुलं स्वतः तज्ज्ञाकडे गेली. बाकीच्या मुलांपैकी एकही तज्ज्ञाकडे गेलं नाही! गेले फक्त त्यांचे आईवडील. ते दोनच गोष्टी शिकले. पहिली, मुलाची बेचैनी खोटी न ठरवता त्याच्यावर विश्वास दाखवायचा: ‘तुला आत्ता किती त्रास होतोय ते मला कळतंय. आणि तू हे निभावून नेशील, मला माहीत आहे.’ दुसरी, आजाराच्या कलाने घेणं हळूहळू, मुलाला आधी सांगून, कमी करायचं. आज दहा वेळा उत्तर देते, पुढच्या आठवड्यात पाच वेळा देईन. मुलावर जबरदस्ती नाही. बदलायचं ते आईवडिलांनी स्वतःचं वागणं.

निकाल? जी मुलं तज्ज्ञाला भेटलीच नाहीत, ती तज्ज्ञाकडे गेलेल्या मुलांइतकीच सुधारली. मुलाला न हात लावता, न गोळी देता, आईच्या एका न दिलेल्या उत्तराने मुलाच्या मनाची घडी बदलते!

हा अभ्यास चिंतेच्या आजाराच्या मुलांवरचा होता, आणि तीव्र ओसीडीत रुग्णाला स्वतःचे उपचार लागतातच. पण आपल्याकडे डॉक्टरांच्या खोलीबाहेर आई, बाबा, मामा, वहिनी असे चार जण बसलेले असतात, त्यांना आपण बघे समजतो. ते उपचाराचा भाग आहेत. डॉक्टरांना तसं विचारा: ‘आम्ही घरी काय थांबवायचं?’

कामोठ्यात राहणाऱ्याला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, गावातल्याच एमजीएम रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि आज रात्री दोन वाजता कोणी बेसिनपाशी उभं असेल, किंवा बाळाशेजारी जागं, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.